मॉर्फिनची चिठ्ठी

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात माळव्यात पिकणारी अफू मुंबई बंदरात येई आणि तेथून जहाजांत भरून चीनकडे जाई. या व्यापारात ज्या मुंबईकर व्यापाऱ्यांनी अमाप पैसा मिळवला त्यांत सर जमशेटजी जीजीभॉय हे अग्रगण्य होते, आणि त्यांच्याच देणगीतून उभे राहिलेले भायखळ्याचे रुग्णालय १८४५ पासून ग्रँट मेडिकल कॉलेजच्या जोडीने आजतागायत गोरगरिबांची सेवा करीत आले आहे. माळव्याच्या मंदसौर-नीमच पट्ट्यात आजही केंद्र सरकारच्या परवान्याने खसखशीची शेती होते, बोंडांना चिरा देऊन अफूचा चीक गोळा केला जातो आणि नीमच व गाझीपूर येथील सरकारी कारखान्यांत त्यावर प्रक्रिया होते. कायदेशीररीत्या चीक काढून तो औषधासाठी निर्यात करणारा देश म्हणून भारताचीच ओळख आहे. असे असूनही विसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईसारख्या शहरातील बहुसंख्य रुग्णालयांच्या कपाटात अफूपासून तयार होणाऱ्या मॉर्फिनची एक गोळीही सापडत नव्हती. डॉक्टरने औषधाची चिठ्ठी कोणाला लिहावी आणि कोणाला लिहू नये, या प्रश्नाचे भारतीय शहरांतील रूप या विसंगतीतून घडलेले आहे.

अफूच्या चिकातील मुख्य गुणकारी द्रव्य जर्मन औषधनिर्माता फ्रिडरिख सेर्ट्युर्नर याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी वेगळे केले आणि त्याला ग्रीक पुराणातील स्वप्नदेवता मॉर्फियस हिच्यावरून नाव दिले. मॉर्फिन, कोडीन यांसारखी थेट अफूतून मिळणारी द्रव्ये आणि फेंटॅनिल, मेथॅडोन, ट्रॅमाडॉल यांसारखी प्रयोगशाळेत घडवलेली पण शरीरात तशाच मार्गाने काम करणारी औषधे या सर्वांना मिळून ‘ओपिऑइड’ म्हणतात. मेंदू, मज्जारज्जू आणि आतडे येथील पेशींवर या द्रव्यांना जोडून घेणारी ग्राहीस्थाने असतात. तेथे औषध जाऊन बसले की वेदनेचा संदेश मंदावतो. दुखण्याचे मूळ तसेच राहते, परंतु दुखणे रुग्णाला ग्रासून टाकीत नाही. हीच ग्राहीस्थाने श्वसनाच्या केंद्रातही असल्याने मात्रा बेताबाहेर गेल्यास श्वास मंदावून मृत्यू ओढवू शकतो आणि आतड्यातही असल्याने बद्धकोष्ठ जवळजवळ अटळ असते. ज्या मॉर्फिनच्या चिठ्ठीवर सारकाचे, म्हणजे पोट साफ ठेवणाऱ्या औषधाचे नाव नाही ती चिठ्ठी घाईने लिहिलेली आहे, असे खुशाल समजावे.

या औषधांविषयी बोलताना तीन निरनिराळ्या अवस्थांची सर्रास गल्लत होते आणि अनैतिक म्हणावे असे पुष्कळ निर्णय या गल्लतीतूनच निघतात. शरीर औषधाला सरावते, त्यामुळे तोच परिणाम साधण्यासाठी कालांतराने मात्रा वाढवावी लागू शकते, ही पहिली अवस्था. काही आठवडे नियमित घेतलेले औषध एकाएकी थांबवल्यास घाम, जुलाब, अंगदुखी, अस्वस्थता अशी लक्षणे उद्भवतात. याला शारीरिक अवलंबन म्हणतात आणि मात्रा हळूहळू उतरवल्यास ते टळते. या दोन्ही अवस्था औषध घेणाऱ्या कोणत्याही शरीरात घडू शकतात आणि त्यांत रुग्णाचा दोष काहीच नसतो. तिसरी अवस्था व्यसनाची: नुकसान होत असल्याचे दिसत असूनही औषधाची ओढ आवरता न येणे आणि सारे आयुष्य त्या ओढीभोवती फिरू लागणे. दुसऱ्या अवस्थेतील रुग्णाला तिसऱ्या अवस्थेतील समजून औषध तोडणे हा जसा अन्याय, तसेच तिसऱ्या अवस्थेकडे घसरणाऱ्या रुग्णाला ‘ही तर सवय आहे’ म्हणून गोळ्या वाढवून देणे हीही हेळसांडच.

कायद्याने ही गल्लत प्रदीर्घ काळ पक्की करून ठेवली. अमली पदार्थांच्या चोरट्या व्यापाराला आळा घालण्यासाठी १९८५ मध्ये संसदेने ‘एनडीपीएस’ या आद्याक्षरांनी ओळखला जाणारा कायदा केला. त्यात गंभीर गुन्ह्यांना किमान दहा वर्षांच्या सक्तमजुरीची तरतूद असल्याने तस्कर किती धास्तावले हे सांगता येत नसले तरी औषधविक्रेते, रुग्णालयांचे व्यवस्थापक आणि डॉक्टर मात्र पुरते धास्तावले. मॉर्फिन ठेवायचे तर अबकारी आणि औषध प्रशासन अशा वेगवेगळ्या खात्यांचे चार-पाच परवाने लागत, प्रत्येकाची मुदत निराळी, आणि शेवटचा परवाना हाती पडेपर्यंत पहिला संपून गेलेला असे. परिणामी देशातील मॉर्फिनचा वैद्यकीय वापर सुमारे ९७ टक्क्यांनी घसरला आणि १९९७ मध्ये वर्षाकाठी १८ किलोग्रॅमवर आला. मधल्या काळात एक पिढी वैद्यकीय महाविद्यालयांतून मॉर्फिनची चिठ्ठी एकदाही न लिहिता बाहेर पडली, आणि कायदा पुढे सैल झाला तरी त्या पिढीचा हात सैल झाला नाही. आपल्याकडे ‘दुखणे अंगावर काढणे’ हा वाक्प्रचार सहनशीलतेचे कौतुक म्हणून वापरला जातो. या बारा वर्षांत लाखो कर्करुग्णांनी आपले दुखणे अंगावर काढले ते मात्र दुसरा मार्गच न उरल्यामुळे.

जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये कर्करोगाच्या वेदनेसाठी तीन पायऱ्यांची पद्धत सांगितली होती. सौम्य दुखण्याला पॅरासिटामॉलसारखी साधी औषधे, त्याने न भागल्यास कोडीनसारखे सौम्य ओपिऑइड आणि त्यानेही न भागल्यास मॉर्फिन, तेही शक्यतो तोंडाने, घड्याळाच्या काट्यावर आणि दुखणे उसळण्याची वाट न पाहता, असा तिचा गाभा आहे. ही पद्धत जाहीर झाली त्याच वर्षी मुंबईत वांद्रे येथे डॉ. लुईस डिसूझा यांच्या पुढाकाराने ‘शांती अवेदना सदन’ हे देशातील पहिले हॉस्पिस, म्हणजे असाध्य रोग्यांचे अखेरचे दिवस सुसह्य करणारे रुग्णालय सुरू झाले आणि पुढे गोव्यात लोटली येथे त्याची शाखा निघाली. परंतु पद्धत कागदावर, हॉस्पिस एखाद-दुसरे आणि गोळी कुलपात, अशी स्थिती फार काळ राहिली. डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केरळमध्ये चालवलेला प्रयत्न, देशी-परदेशी संस्थांचा रेटा आणि न्यायालयीन लढाई यांतून अखेर २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. अमली पदार्थांच्या वैद्यकीय वापराला चालना देणे हेही सरकारचे कर्तव्य ठरले, मॉर्फिन, फेंटॅनिल, मेथॅडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन आणि हायड्रोकोडोन ही सहा औषधे ‘अत्यावश्यक’ म्हणून निवडण्यात आली आणि राज्याच्या औषध नियंत्रकाने मान्यता दिलेल्या वैद्यकीय संस्थेला ती एकाच परवानगीने ठेवता येऊ लागली. तरीही वेदनाशमनाचा अभ्यास करणाऱ्या ‘लॅन्सेट’ आयोगाने २०१७ मध्ये मांडलेल्या हिशोबानुसार भारतात उपलब्ध होणारी ओपिऑइड औषधे गरजेच्या अवघी ४ टक्के भरत होती.

आता याच शहरांचे दुसरे अंग पाहावे लागते, कारण ते न पाहता केवळ मॉर्फिनची टंचाई मांडणे हे अर्धसत्य होईल. ‘एम्स’ या दिल्लीच्या संस्थेने केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशातील सुमारे २.१ टक्के लोक कोणते ना कोणते ओपिऑइड वापरत असल्याचे आढळले. त्यांत हेरॉइन वापरणारे १.१४ टक्के, तर औषध म्हणून बनलेली ओपिऑइड वापरणारे ०.९६ टक्के होते. म्हणजे कर्करुग्णाला न मिळणाऱ्या औषधांची भावंडे मेडिकल दुकानांतून आणि त्यांच्या आसपासच्या अंधाऱ्या वाटांनी दुसरीकडे पोचतच होती. कोडीनयुक्त खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या हे त्याचे जुने उदाहरण. ट्रॅमाडॉल हे सौम्य समजले जाणारे वेदनाशामक तर अगदी गुडघेदुखीपासून दातदुखीपर्यंत कशालाही लिहिले जाई. ‘एच-वन’ या अनुसूचीत गेल्यावर त्याच्या विक्रीची नोंद डॉक्टरच्या आणि रुग्णाच्या नावासह वेगळ्या वहीत ठेवणे आणि ती वही तीन वर्षे जपणे दुकानदाराला बंधनकारक झाले, आणि एप्रिल २०१८ मध्ये ते एनडीपीएस कायद्याखाली आले. वेष्टनावरची लाल चौकट आणि इशारा यांकडे किती दुकानांत लक्ष जाते, हे शहरात राहणाऱ्या वाचकाला निराळे सांगण्याची गरज नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये बीबीसीने मुंबईतील एका औषध कंपनीच्या टॅपेंटाडॉल आणि कॅरिसोप्रोडॉल यांच्या मिश्र गोळ्या घाना, नायजेरिया, आयव्हरी कोस्ट येथील रस्त्यांवर नशेसाठी विकल्या जात असल्याचे उघड केले आणि त्यानंतर केंद्रीय औषध नियंत्रकांनी त्या मिश्रणाची निर्मिती व निर्यात थांबवली. माळव्याची अफू मुंबईमार्गे परदेशी तरुणांना विकण्याची जुनी वाट कधी पूर्णपणे बुजलीच नव्हती, असे त्या वेळी कोणाच्या मनात आले असेल तर त्याला दोष देता येणार नाही.

अतिरेकाचा सर्वांत मोठा धडा अमेरिकेत घडला आणि तो नीट वाचला जाणे आवश्यक आहे, कारण भारतात तो बहुधा उलटा वाचला जातो. १९८० मध्ये एका प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकात पाच वाक्यांचे एक पत्र छापून आले; त्यात रुग्णालयात ओपिऑइड दिलेल्या ११,८८२ रुग्णांपैकी केवळ चौघांत व्यसन जडल्याची नोंद होती. ती नोंद रुग्णालयातील देखरेखीखालच्या, अल्पकाळ औषध घेतलेल्या रुग्णांची होती. पुढे मात्र घरी नेऊन महिनोन्‌महिने गोळ्या घेणाऱ्यांनाही धोका नाही, असे सांगण्यासाठी ते पत्र शेकडो वेळा दाखल्यादाखल पुढे करण्यात आले. पर्ड्यू फार्मा या कंपनीने १९९६ मध्ये ऑक्सिकॉन्टिन बाजारात आणले, पाठदुखीसारख्या जुनाट दुखण्यांसाठी त्याचा जोरदार प्रचार केला आणि व्यसनाच्या धोक्याविषयी दिशाभूल केल्याचे २००७ मध्ये न्यायालयात कबूल केले. त्यानंतर लगाम आवळण्याची लाट आली. अमेरिकी रोगनियंत्रण केंद्राच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचना जणू कायदाच आहेत अशा रीतीने अमलात आणल्या गेल्या, वर्षानुवर्षे औषधावर असलेल्या रुग्णांच्या मात्रा एकाएकी तोडल्या गेल्या, आणि त्यातून झालेल्या हालअपेष्टा पाहून २०२२ मध्ये त्याच केंद्राला सूचना सैल कराव्या लागल्या. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो. येथे तोंड अमेरिकेचे पोळले आणि ताक फुंकण्यासाठी तिचा दाखला देऊ लागली भारतातील रुग्णालये, ज्यांच्या वाट्याला दूध आलेच नव्हते.

अमेरिकेच्या अनुभवातून घेण्यासारखे आहे ते हे, की मॉर्फिनचा प्रश्न ‘किती’ याच्या आधी ‘कोणत्या दुखण्याला’ असा विचारावा लागतो. कर्करोग, मोठी शस्त्रक्रिया, भाजणे, अपघात यांच्या तीव्र वेदनेत ओपिऑइडला तोडीचा पर्याय क्वचितच असतो. याउलट पाठीच्या आणि गुडघ्याच्या जुनाट दुखण्यात वर्षभर ओपिऑइड घेणाऱ्यांची हालचाल साधी वेदनाशामके घेणाऱ्यांपेक्षा सुधारली नाही, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत दिसले, आणि नव्याने उद्भवलेल्या पाठ-मानदुखीत तर ती गोळी औषध नसलेल्या बनावट गोळीपेक्षा सरस ठरली नाही, असे २०२३ च्या ऑस्ट्रेलियन चाचणीत आढळले. लोकलच्या गर्दीत दोन-दोन तास उभे राहून, हमाली करून किंवा दिवसभर शिलाई यंत्रावर वाकून पाठ धरलेल्या माणसाला व्यायाम शिकवायला, त्याचे काम समजून घ्यायला वेळ लागतो आणि गोळी लिहायला अर्धे मिनिट पुरते. शंभर रुग्णांची रांग बाहेर उभी असताना ते अर्धे मिनिट किती मोहाचे असते हे समजण्यासारखे आहे, तथापि त्या मोहाची किंमत डॉक्टर चुकवीत नाही.

दुखणे कोणते हे ठरवण्याचे पहिले साधन रुग्णाचे शब्द हे होय, आणि मराठी या बाबतीत फार श्रीमंत आहे. जखम ठणकते, पोटात कळ येते, पायाला रग लागते, काटा सलतो, डोळ्यांत काहीतरी खुपते. या साऱ्यांत इजा झालेल्या मांसाचे, हाडाचे किंवा अवयवाचे दुखणे बोलत असते. आग होणे, चमक निघणे, झिणझिण्या, मुंग्या, नुसता कपडा लागला तरी झोंबणे, ‘करंट बसल्यासारखे’ वाटणे, या शब्दांतून मात्र इजा झालेली नस बोलत असते, आणि तशा दुखण्याला मॉर्फिन एकटे पुरेसे पडत नाही, निराळी औषधे जोडावी लागतात. शहरातील मोठ्या रुग्णालयाच्या केसपेपरवर या सगळ्या शब्दांचा शून्य ते दहा यांमधील एक आकडा होतो. आकडा उपयोगी असतो, कारण कालचे आणि आजचे दुखणे ताडून पाहता येते. परंतु ज्याने आयुष्यात कशालाच दहापैकी गुण दिलेले नाहीत अशा शेतमजुराला किंवा भोजपुरीत दुखणे सांगणाऱ्या बांधकाम कामगाराला आकडा विचारून त्याचे शब्द न ऐकणे, म्हणजे साधन हाताशी असून ते न वापरणे. बायकांच्या बाबतीत तर आणखी एक अडसर असतो. दुखते असे म्हटले की रडगाणे गाते असे ऐकावे लागेल, या धाकाने पुष्कळ जणी आठला चार म्हणतात, आणि सोबत आलेला नवरा किंवा मुलगा त्याचेही दोन करतो.

खेड्यात डॉक्टरला रुग्णाचे घर ठाऊक असते. शहरात रुग्ण हा अनोळखी माणूस म्हणून येतो आणि बहुधा अनोळखी म्हणूनच जातो. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात विदर्भ-मराठवाड्यापासून बिहार-बंगालपर्यंतचे रुग्ण येतात, कोणी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरतो, कोणी नातलगाच्या खोलीत, आणि कोणी रुग्णालयाभोवतीच्या पदपथावरच पथारी टाकतो. अशा रुग्णाला महिन्याभराचे मॉर्फिन लिहून दिले तर ते कोण देणार, कोठे ठेवणार, संपल्यावर गावाकडे ते कोठून मिळणार, या प्रश्नांची उत्तरे चिठ्ठीत लिहिता येत नाहीत. आणि म्हणूनच ओपिऑइडच्या बाबतीत नैतिकतेचा खरा कस चिठ्ठी लिहिल्यानंतर लागतो: पुढच्या आठवड्यात रुग्णाची गाठ पडेल अशी सोय, त्याच्या घरी जाऊ शकणारी परिचारिका, रात्री श्वास जड वाटला तर फोन उचलणारे कोणी. कोझिकोडेच्या पॅलिएटिव्ह केंद्राने, म्हणजे रोग बरा होवो न होवो पण त्रास हलका करणाऱ्या सेवेच्या केंद्राने, दोन वर्षांत १,७२३ बाह्यरुग्णांना तोंडाने घेण्याचे मॉर्फिन घरी नेऊ दिले आणि त्यांत गैरवापराचा किंवा औषध बाहेर वळवल्याचा एकही प्रकार आढळला नाही, अशी नोंद ‘लॅन्सेट’मध्ये २००१ साली प्रसिद्ध झाली. तेथील रुग्ण काही जात्याच अधिक प्रामाणिक नव्हते. त्यांच्यामागे शेजारपाजारच्या स्वयंसेवकांची साखळी उभी होती आणि औषध देणाऱ्याला घेणारा माहीत होता. महानगरात अशी ओळख आपसूक मिळत नाही, ती पगारी माणसे नेमून, वाहनाचा खर्च करून घडवावी लागते, आणि अर्थसंकल्पात गोळ्यांपेक्षा याच खर्चाला कात्री लावणे सोपे जाते.

घरच्या माणसांचा अडथळा हा वेगळाच विषय आहे. ‘आईला आजाराचे नाव सांगू नका’ असे डॉक्टरला बाहेर गाठून सांगणारी मुले मॉर्फिनचे नाव ऐकताच दचकतात, कारण ही गोळी सुरू झाली म्हणजे सारे संपले अशी समजूत रूढ आहे. वास्तविक मॉर्फिन मरणाच्या तारखेशी बांधलेले नसते. दुखणे असेल तेव्हा सुरू करावे आणि उपचाराने दुखणे ओसरल्यास उतरवून बंद करावे, असे ते औषध आहे. परंतु रुग्णाला अंधारात ठेवून दिलेली गोळी, मग ती कितीही योग्य असो, त्याच्या संमतीने दिलेली नसते, आणि हे कुटुंबाला समजावून सांगण्याचे काम चिठ्ठी लिहिणाऱ्यावरच येते.

सर्वांत अवघड कसोटी मात्र मुंबईत ज्याला ‘गर्दुल्ला’ म्हणून हिणवले जाते त्याच्या बाबतीत लागते. ब्राऊन शुगरच्या व्यसनात सापडलेल्या माणसाचा पाय रेल्वेखाली जातो किंवा त्याला तोंडाचा कर्करोग होतो, तेव्हा त्याचे दुखणे नाटक मानले जाण्याची शक्यता अधिक असते, आणि शरीर सरावलेले असल्याने त्याला लागणारी मात्रा मात्र इतरांहून जास्त असते. त्याला औषध नाकारल्याने व्यसन सुटत नाही. तो वेदना घेऊन पुन्हा त्याच गल्लीत जातो. थोड्या-थोड्या दिवसांचे औषध, शक्य असल्यास समोर घेतलेली मात्रा, आणि राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या केंद्रांतून मिळणाऱ्या ब्युप्रेनॉर्फिनसारख्या उपचाराशी घातलेली सांगड, असा मार्ग उपलब्ध आहे. तो कष्टाचा आहे आणि त्यात फसगत होण्याची शक्यताही आहे, पण फसगतीची भीती हे सगळ्यांनाच वेदनेत ठेवण्याचे कारण होऊ शकत नाही.

रुग्ण दगावल्यानंतर घरात गोळ्यांच्या पट्ट्या उरतात. दहावा-तेरावा उरकेपर्यंत त्या उशाखाली, देवघराच्या खणात किंवा फ्रिजवरच्या डब्यात पडून राहतात, आणि घरात किशोरवयीन मुले असतील किंवा येणारे-जाणारे पाहुणे असतील तर त्यांचे काय होईल हे सांगता येत नाही. म्हणून चांगल्या पॅलिएटिव्ह विभागांत पहिल्या चिठ्ठीच्या वेळीच कुटुंबाला सांगितले जाते की उरलेल्या गोळ्या परत आणून द्याव्यात. मग काही दिवसांनी घरातले कोणीतरी ती पिशवी घेऊन येते, परिचारिका गोळ्या मोजते, वहीत आकडा लिहिते, सही घेते, आणि बहुधा तेथेच, त्या टेबलाशी, गेलेल्या माणसाविषयी थोडे बोलणे होते.